बेल्जियन आणि आयरिश बिअर: लेबल न बघता चाखल्या, वीसपैकी गुण दिले

पायवाट, लूव्हन

गेल्या महिन्यात इथून, बेल्जियममधून, बारा बाटल्या टॉवेलांत आणि लोकरी मोज्यांत गुंडाळून, सामानात घालून डब्लिनला गेलो. लिफीकाठताईंच्या घरी दोन संध्याकाळी बैठक जमली. पहिली बेल्जियमची, दुसरी आयर्लंडची. चाखणारे आम्ही पाच जण आणि ओतणारा एक. ओतणारा स्वतः पीत नाही. तो याच फोरमवर कोकम_सरबत या नावाने लिहितो. तो स्वयंपाकघरात बाटल्या उघडायचा आणि फक्त आकडे लिहिलेले पेले बाहेर आणायचा. प्रत्येकाला शंभर मिली, मध्ये पाणी आणि कोरडा पाव. गुण वीसपैकी: वासाला 5, चवीला 8, तोंडात कशी वाटते त्याला 3 आणि गिळल्यावर मागे काय उरतं त्याला 4.

सहा वर्षं मी बिअरची वही ठेवतोय. तीनशेच्या वर नोंदी आहेत, पण प्रत्येक नोंद लेबल बघून केलेली. या दोन संध्याकाळींनंतर ती वही नव्याने तपासायला हवी असं मला मनापासून वाटतंय, म्हणून हा धागा काढला.

बेल्जियमच्या सहा होत्या, प्रत्येकीच्या दोन बाटल्या. सेझों द्युपों (6.5 टक्के), ऑर्वाल (6.2), वेस्टमाल ट्रिपेल (9.5; ट्रिपेल म्हणजे फिकट रंगाची कडक बेल्जियन बिअर), रोशफोर 10 (11.3), वेस्टव्लेटरन 12 (10.2) आणि सेंट बर्नार्डस आप्ट 12 (10). नावातले 10 किंवा 12 म्हणजे अल्कोहोल नव्हे. आंबवण्याआधीचा रस किती दाट आहे ते मोजायचं जुनं बेल्जियन माप होतं, त्याची ती खूण आहे.

वेस्टव्लेटरनबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ती मिळवण्यात एक अख्खा रविवार गेला होता. लूव्हनहून रेल्वेने पोपरिंगेला गेलो. ते हॉप्सचं, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचं, गाव आहे, उन्हाळ्यात सायकलच्या दोन्ही बाजूंना उंच तारांवर चढलेले हॉप्सचे वेल दिसतात. तिथून सेंट सिक्स्टस मठ. 1831 सालचा मठ, आणि साधू पैसे हवेत म्हणून नाही तर मठ चालावा एवढीच बिअर बनवतात. बाटलीवर कागदी लेबल लावायची तिथे पद्धत नव्हती, जे सांगायचं ते बुचावर लिहिलेलं. आधी फोनवर नंबर लावावा लागायचा, 2019 पासून ऑनलाइन नोंदणी आहे. मठासमोरच्या 'इन दे व्ह्रेदे' या कॅफेत मात्र कुणीही जाऊन बसू शकतं. 2005 मध्ये एका आंतरराष्ट्रीय संकेतस्थळाने तिला जगातली सर्वोत्तम बिअर ठरवलं आणि शेतातल्या अरुंद रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागल्या. त्या कॅफेच्या अंगणात मी पहिल्यांदा ती प्यायलो तेव्हा वहीत वीसपैकी वीस लिहिले होते.

आता निकाल. पाच जणांची सरासरी: रोशफोर 10 ला 17.2, वेस्टव्लेटरन 12 ला 16.8, सेंट बर्नार्डसला 16.6, सेझों द्युपोंला 15. ऑर्वालला 13.8, पण ते पाच आकडे असे होते: 19, 18, 15, 9, 8. एवढी फूट दुसऱ्या कुठल्याच बिअरवर पडली नाही.

राहिली वेस्टमाल. तिचे दोन निकाल आहेत, कारण कोकम_सरबतने आम्हाला न सांगता ती दोनदा ओतली. वेस्टमालची एक बाटली मोठी, पाऊण लिटरची होती, तेव्हा उरलेली त्याने वेगळ्या आकड्याच्या पेल्यांत दिली. ओतण्याच्या क्रमात दुसरी आली तेव्हा सरासरी 15.4. रोशफोरनंतर, सहावी आली तेव्हा 12.6. मी स्वतः एकदा 16 आणि एकदा 12 दिले. पहिल्या वेळी लिहिलं: "पिकलेलं केळं, लवंग, मध, शेवटी स्वच्छ कडवटपणा." दुसऱ्या वेळी लिहिलं: "पातळ, उगाच कडू." बिअर तीच, पंधरा-वीस मिनिटांचा फरक. रोशफोरचा काकवीसारखा दाट गोडवा जिभेवर बसलेला असताना ट्रिपेलला न्याय मिळणं शक्यच नव्हतं.

आयर्लंडच्या चार: ओहाराजची ल्यान फलॉन (6 टक्के), गिनेस फॉरेन एक्स्ट्रा स्टाउट (7.5; स्टाउट म्हणजे भाजलेल्या जवाची काळी बिअर), डोनेगलच्या किनेगारची रस्टबकेट (5.1, राय धान्य घातलेली) आणि गॅलवे बेची ऑफ फोम अँड फ्युरी (8.5). अनुक्रमे 16.4, 15.8, 15.6 आणि 15.2. 'ल्यान फलॉन'चा आयरिशमधला अर्थ पौष्टिक बिअर. कडू कोको, भाजलेले जव, मागे किंचित खारट छटा. मला ती फार आवडली.

तुम्ही गुण कसे देता? आणि ऑर्वालचं काय करायचं?

---

लिफीकाठ, डब्लिन

आमच्याकडे झालेल्या बैठकीचा इतका नीट वृत्तांत वाचून आनंद झाला. मी औषधकंपनीत संख्याशास्त्राचं काम करते, म्हणून त्या 16.8 आणि 16.6 वर बोलते.

पाच माणसांच्या गुणांची बेरीज एकीकडे 84, दुसरीकडे 83. एका माणसाने पहिलीला एक गुण कमी दिला असता तर दोन्ही सारख्या झाल्या असत्या. आणि तीच माणसं एकाच बिअरला चार-चार गुणांच्या फरकाने मोजतात हे वेस्टमालने दाखवून दिलंय. म्हणजे वेस्टव्लेटरन सेंट बर्नार्डसपेक्षा सरस आहे असं या आकड्यांवरून म्हणताच येत नाही.

मला या गोष्टीचं मोल जास्त वाटतं, कारण थोड्या नमुन्यांवरून किती खात्रीने बोलावं हे गणित याच शहरात, बिअरच्याच कारखान्यात घडलं. विल्यम सीली गॉसेट 1899 मध्ये गिनेसमध्ये लागला. जव कुठला चांगला, हॉप्सचा कुठला लॉट घ्यावा, हे ठरवायला त्याच्याकडे शेकडो नमुने नसत, चार-सहा असत. तेवढ्यावरून निष्कर्ष काढला तर चूक किती संभवते, ते मोजायची रीत त्याने शोधली. कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने लिहू देत नसे, म्हणून 1908 चा त्याचा शोधनिबंध 'स्टुडंट' या टोपणनावाने आला. आज जगभर विद्यार्थी 'स्टुडंट्स टी-टेस्ट' शिकतात. ती चाचणी मी रोज वापरते आणि संध्याकाळी ज्या बसने घरी येते ती सेंट जेम्सेस गेटजवळून, म्हणजे गिनेसच्या कारखान्याजवळून जाते. भाजलेल्या जवाचा वास खिडकीतून आत येतो. त्या वासाने मला दर वेळी बरं वाटतं.

गिनेसमध्ये गणितवाले पुढेही होते. मायकेल अ‍ॅश हा मूळचा गणिती. पिंपातल्या स्टाउटला नायट्रोजन देण्याचं तंत्र त्याच्या गटाने बसवलं आणि 1959 पासून ती मलईसारखी साय मिळू लागली. नायट्रोजन पाण्यात फारसा विरघळत नाही, बुडबुडे अगदी बारीक राहतात आणि फेस टिकतो. पेल्यात ते बुडबुडे खाली जाताना दिसतात, त्याचं कारण असं की मधोमध ते वर चढतात आणि काचेलगत बिअर खाली उतरते, ती बुडबुड्यांना सोबत ओढते.

पायवाट, पुढच्या वेळी चार-पाच बिअरच ठेवू, प्रत्येक दोनदा, आणि प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने.

---

मोगरा, घेंट

ऑर्वालच्या दोन्ही बाटल्या एकाच तारखेच्या होत्या का?

---

पायवाट, लूव्हन

@मोगरा, नाही. एक माझ्या तळघरातली होती, दुसरी निघायच्या आदल्या दिवशी दुकानातून घेतली. हे मी वर लिहायला हवं होतं. तारखा पाहिल्या नाहीत.

---

मोगरा, घेंट

मग तुमच्या गटाने ऑर्वालला नाही, दोन वेगवेगळ्या बिअरना गुण दिलेत.

बाकीच्यांसाठी सांगते. ऑर्वालमध्ये पिंपात सुके हॉप्स घालतात आणि बाटलीत भरताना ब्रेटानोमायसिस हे रानटी वळणाचं यीस्ट सोडतात. नेहमीच्या यीस्टला जी साखर पचत नाही ती हे हळूहळू महिनोन् महिने खात राहतं. ताजी बाटली म्हणजे हॉप्सचा फुलोरा, संत्र्याची साल आणि करकरीत कडवटपणा. सहा-आठ महिन्यांनी हॉप्स मागे सरतात, बिअर आणखी कोरडी होते आणि चामडं, सुकं गवत, गोठा असा वास वर येतो. वर्षानंतर कडवटपणा पार निवलेला असतो. इथल्या जाणत्या कॅफेंत विचारतात, कोवळी देऊ की जुनी? म्हणून लेबलवर भरल्याची तारीख छापलेली असते, ती आधी बघायची.

तीन पेले एका बाटलीतून आणि दोन दुसरीतून गेले असणार. 330 मिलीत शंभरचे तीनच पेले बसतात. तुमचे आकडे बघा: 19, 18, 15 आणि मग एकदम 9, 8. तीन आणि दोन.

---

कोकम_सरबत, डब्लिन

मोगराताईंचं बरोबर आहे. मी ओतताना कागदावर कुठला पेला कुणाला हे लिहून ठेवलं होतं आणि रिकाम्या बाटल्या अजून बाल्कनीतल्या खोक्यात आहेत. आत्ता जाऊन पाहिल्या. एक पाच आठवड्यांची, दुसरी जवळजवळ चौदा महिन्यांची.

19, 18 आणि 15 देणाऱ्यांना कोवळी गेली होती. 9 आणि 8 वाल्यांना जुनी. पायवाट यांचे 18 कोवळीचे आहेत.

मी पीत नाही, पण प्रत्येक पेला बाहेर नेण्याआधी वास घेऊन दोन शब्द लिहीत होतो. माझ्या कागदावर ऑर्वालपुढे दोन ओळी आहेत. पहिली: "पपनसाची साल, ओला पाला." दुसरी: "गोठा, नवी चप्पल." तेव्हा मला वाटलं होतं की माझं नाकच दमलंय.

---

पायवाट, लूव्हन

हे वाचून मी बराच वेळ शांत बसलो होतो. मला जुनी ऑर्वाल आवडते असं मी सहा वर्षं सांगत आलोय. म्हणून तर तळघरात ठेवतो. आणि न बघता मी 18 दिले ते कोवळीला. माझ्या वाट्याला जुनी आली असती तर तिला किती दिले असते ते मला आता खरंच जाणून घ्यायचंय. ताई, पुढच्या वेळी एकाच तारखेच्या नाही, मुद्दाम चार तारखांच्या ऑर्वाल आणतो.

आणि कोकम_सरबतच्या कागदाबद्दल. तो कागद मी मागून घेतला. आम्ही पाच जण 'फ्रूटी', 'माल्टी', 'कॉम्प्लेक्स' असले शब्द लिहीत होतो, जे कुठल्याही बिअरला चिकटतात. त्याने लिहिलंय ते असं. रोशफोर: "काकवी, चिकू, आजीची लाकडी पेटी." वेस्टव्लेटरन: "खजूर, भाजलेली बडीशेप." सेझों: "मिरपूड, वाळलेलं गवत, लिंबाची साल." रस्टबकेट: "बाजरीची भाकरी तव्यावरून काढल्या काढल्या." फॉरेन एक्स्ट्रा: "करपलेली साखर, फिल्टर कॉफी." हे वाचून मला प्रत्येक पेला पुन्हा आठवतो. वहीत यापुढे असंच लिहिणार.

---

खलाशी, कॉर्क

चर्चा उत्तम चालली आहे, पण आयर्लंडच्या बाजूने मला तक्रार मांडायची आहे.

शंभर मिलीच्या घोटांनी आयरिश बिअर मोजणं मुळातच चुकीचं आहे. बेल्जियन साधूंची दाट बिअर छोट्या घोटांसाठीच असते. जेवणानंतर, एक पेला, तासभर. त्या मोजणीत ती जिंकणारच. आयरिश स्टाउट साधारण 4 ते 4.3 टक्क्यांची का असते? कारण ती गप्पांसाठी बनवलेली आहे. पहिल्या घोटाला ती साधी वाटते आणि तसंच असायला हवं. तिची खरी परीक्षा पाइंटच्या तळाशी होते, की 568 मिली संपल्यावरही तोंड थकलं नाही, पुढची गोष्ट ऐकायची इच्छा आहे. तुमच्या गुणपत्रिकेत त्याला रकानाच नाही!

शिवाय तुम्ही निवडल्या त्या चारही बिअर कडक किंवा मोठ्या चवीच्या. साधी स्टाउट एकही नाही आणि तांबूस आयरिश रेड एकही नाही. कॉर्कला या. इथे मर्फीज 1856 पासून आहे, बीमिश त्याहून जुनी, 1792 ची. बीमिशची जुनी ब्रुअरी 2009 मध्ये बंद झाली आणि ती बिअर आता मर्फीजच्या आवारात बनते, दोन्ही हायनेकेनच्या मालकीच्या. तरी चवीत फरक आहे. मर्फीज मऊ, दुधातल्या कॉफीसारखी. बीमिश जास्त भाजलेली, कडूकडे झुकणारी. गिनेस या दोघींपेक्षा किंचित आंबूस. हे तीन पाइंट तीन वेगळ्या संध्याकाळी, त्याच पबमध्ये, त्याच खुर्चीत बसून पिऊन बघा.

छोट्या ब्रुअऱ्यांबद्दल मला मनापासून आस्था आहे. डब्लिनच्या टेम्पल बारमध्ये 1996 मध्ये पोर्टरहाउसने स्वतःची बिअर बनवून विकायला सुरुवात केली, आणि स्वतःच्या पबमध्ये गिनेस न ठेवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ते केवढं धाडस होतं याची आज कल्पना येत नाही. त्याच साली कार्लोमध्ये ओहारा बंधूंनी सुरुवात केली. आमच्या कॉर्कात 1998 मध्ये फ्रान्सिस्कन वेल आली, 2013 मध्ये ती मोल्सन कूर्सने घेतली. मला त्याचं वाईट वाटलं होतं आणि अजून वाटतं.

---

लिफीकाठ, डब्लिन

@खलाशी, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आमच्या घरी त्या संध्याकाळी साधी स्टाउट नव्हती, कारण डब्यातली आणि नळाची यांत खूप फरक पडतो. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही पबमध्ये गेलो. पहिल्या पबमध्ये पाइंट आला तो आंबट आणि शिळ्या लोण्यासारखा. नळापर्यंतच्या नळ्या धुतलेल्या नव्हत्या. असा पाइंट परत द्यावा, संकोच करू नये. चार दारं पुढे गेलो, तिथे बारमनने पेला तिरका धरून पाऊण भरला, ठेवून दिला, स्थिरावल्यावर वरचा भाग भरला. दोन पबमध्ये पाच मिनिटांचं अंतर, बिअर तीच, आणि पायवाट यांच्या चेहऱ्यावरचा फरक मी पाहिला. पोर्टरहाउसची ऑयस्टर स्टाउटही त्याच दिवशी प्यायलो. तिच्यात खरोखर कालवं घालतात. चवीला मासा लागत नाही, फक्त एक खारा गुळगुळीतपणा येतो.

आणि एक हिशेब, कारण पेला लहान म्हणून माणूस फसतो. वेस्टव्लेटरन 12 च्या एका बाटलीत साधारण 26 ते 27 ग्रॅम अल्कोहोल असतं. 4.2 टक्क्यांच्या अख्ख्या पाइंटमध्ये 19 च्या आसपास. इथे जानेवारी 2022 पासून ग्रॅममागे किमान 10 सेंट असा दराचा नियम आहे, त्यामुळे मी नाइलाजाने हे गणित करायला शिकले. ते सगळ्यांनी शिकावं असं मला वाटतं. गाडी घेऊन बैठकीला कुणीही येऊ नये.

---

पायवाट, लूव्हन

@खलाशी, तुम्ही म्हणता त्याप्रमाणे गुणपत्रिका बदलतो. 'शेवट' या रकान्यात आता दोन गुण 'पेला संपल्यावर' याला. आणि पेला पूर्ण. चाखायची संख्या निम्मी. स्टाउटची तुलना स्टाउटशीच, ट्रिपेलची ट्रिपेलशीच. आमटीची आणि श्रीखंडाची एकच गुणपत्रिका करायची नसते, हे मला सहा वर्षांत सुचायला हवं होतं.

---

नवखा, नाशिक

सगळं वाचलं. मी इथे फक्त लागर, म्हणजे नेहमीची फिकट बिअर, प्यायलोय. आपल्याकडे यातलं काय मिळतं, आणि सुरुवात कशाने करू? 'ट्रॅपिस्ट' म्हणजे नक्की काय तेही सांगा.

---

सातू, पुणे

मी पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत बिअर बनवतो, म्हणून उत्तर देतो.

विटबिअरने सुरुवात करा. बेल्जियन जातींमधली आपल्याकडे सगळ्यात रुळलेली हीच. न मोड काढलेला गहू, जवाचं माल्ट (मोड काढून वाळवलेला जव), धणे आणि संत्र्याची साल. हूखार्डन गावात ही शतकानुशतकं बनत होती, पण 1950 च्या दशकात तिथली शेवटची ब्रुअरी बंद पडली. पिएर सेलिस नावाचा दूध घालणारा माणूस तरुणपणी शेजारच्या त्या ब्रुअरीत हाताखाली राबलेला होता. त्याने 1966 मध्ये आठवणीवरून ती पुन्हा उभी केली. 1985 मध्ये आग लागली, पैशासाठी मोठ्या कंपनीला सोबत घ्यावं लागलं आणि शेवटी ब्रुअरी त्यांचीच झाली. आज जगात जिथे जिथे विटबिअर बनते तिथे त्या एका माणसाची आठवण आहे. हूखार्डनची बाटली पुण्या-मुंबईच्या दुकानांत मिळते.

पुण्यात 2009 मध्ये डूलालीने राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू केली आणि लोकांना लागरपलीकडची चव कळायला लागली. बिरा या भारतीय कंपनीने 2015 मध्ये सुरुवात केली तेव्हा त्यांची बिअर बेल्जियममध्येच बनवून इकडे येत होती.

मी विटबिअरमध्ये धणे स्वतः भरडतो. आपला धणा युरोपातल्यापेक्षा वेगळा. त्यांच्या प्रमाणात घातला तर बिअरला आमटीचा वास येतो, हे पहिल्या दोन बॅच वाया घालवून शिकलो. आता निम्मा घालतो आणि उकळीच्या अगदी शेवटी. नागपुरी संत्र्याची साल मात्र सुरेख लागते, फक्त आतला पांढरा भाग काढून टाकायचा.

ट्रॅपिस्टचं थोडक्यात: बिअर मठाच्या आवारात बनली पाहिजे, साधूंच्या देखरेखीखाली, आणि मिळकत मठाच्या खर्चाला व धर्मादायाला गेली पाहिजे. 1997 पासून या मठांचा संघ आहे, त्यांचं षट्कोनी चिन्ह बाटलीवर असतं. बेल्जियममध्ये असे पाच उरलेत: ऑर्वाल, शिमे, रोशफोर, वेस्टमाल, वेस्टव्लेटरन. आखेल सहावा होता, पण तिथे साधूच उरले नाहीत, 2021 मध्ये चिन्ह गेलं. 'अ‍ॅबे बिअर' ही वेगळी गोष्ट, तिच्यावर मठाचं नाव असतं पण बनवणारी कंपनी कुठलीही असू शकते.

---

खलाशी, कॉर्क

सेंट बर्नार्डसचं काय? ती ट्रॅपिस्ट नाही, तरी गुणांत वेस्टव्लेटरनला चिकटून आहे.

---

मोगरा, घेंट

कारण दोघी बहिणी आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर सेंट सिक्स्टसच्या साधूंनी बाजारात विकायची बिअर बनवायचा परवाना जवळच्या वाटू गावातल्या सेंट बर्नार्डसला दिला. 1946 ते 1992. मग परवाना संपला, मठाचं नाव वापरता येईना, पण कारखाना आणि हात तेच राहिले. आज दोन्हींच्या चवीत फरक आहे. मला सेंट बर्नार्डसमध्ये बडीशेप आणि मनुका जास्त लागतात. पण ती साध्या दुकानात मिळते, तिच्यासाठी नंबर लावावा लागत नाही, आणि केवळ त्यामुळे लोक तिला कमी गुण देतात. न बघता चाखल्यावर तो फरक एका गुणावर आला, ही या धाग्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

हवेतल्या यीस्टवर आंबणाऱ्या लांबिक बिअरचा कुणीच उल्लेख केला नाही, म्हणून मी करते. ब्रसेल्समध्ये मिदी स्थानकापासून चालत गेलं की अँडरलेख्तमध्ये कॅन्टियों ही ब्रुअरी आहे, 1900 ची. माडीवर छताखाली तांब्याची मोठी उथळ परात आहे. गरम रस त्यात रात्रभर उघडा ठेवतात, खिडकीच्या फटींतून हवा येते आणि हवेतलंच यीस्ट त्यात पडतं. बाहेरून काही घालत नाहीत. आपण आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवतो तसंच, फक्त पुढे लाकडी पिंपांत एक, दोन, तीन वर्षं. मग कोवळी आणि जुनी एकत्र करून बाटलीत भरतात, ती गझ. कोळ्यांची जाळी तिथे काढत नाहीत, कारण ते कोळी फळमाश्यांना खातात. थंड रात्रीच लागतात म्हणून हे काम हिवाळ्यातच चालतं, आणि 2015 च्या नोव्हेंबरात रात्री इतक्या उबदार होत्या की त्यांना काम थांबवावं लागलं होतं. तिथला माणूस हे सांगताना परातीच्या काठावर हात ठेवून उभा होता.

पहिला घोट आवळ्यासारखा लागतो. आवळ्यासारखंच, नंतर पाणी प्यायलं की गोड लागतं. तळलेल्या बोंबलासोबत गझ मी घरी करून बघितली आहे. याहून चांगली जोडी मला माहीत नाही.

---

नवखा, नाशिक

सातूदादा, मोगराताई, आभार. माझी मावसबहीण दिवाळीत ब्रसेल्सहून येतेय. विमानाने दोन लिटरच आणता येतं म्हणे. काय आणायला सांगू?

---

पायवाट, लूव्हन

दोन लिटर म्हणजे 330 मिलीच्या बरोबर सहा बाटल्या, 1.98 लिटर. सेझों द्युपों एक, वेस्टमाल ट्रिपेल एक, रोशफोर 8 एक (10 नको, आधी 8 प्या, ती 9.2 टक्क्यांची आणि जास्त मोकळी आहे), सेंट बर्नार्डस आप्ट 12 एक, आणि ऑर्वाल दोन. गझ बहुधा मोठ्या बाटलीत असते, तिला या वेळी जागा नाही.

आल्यावर दोन-तीन दिवस बाटल्या उभ्याच ठेवा, साका खाली बसू द्या. फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटांनी उघडा, बर्फागार प्यायलात तर निम्मी चव हरवते. खास पेला नसला तर वाइनचा गोल पेला चालतो. ओतताना शेवटचा बोटभर भाग बाटलीत राहू द्या. एका संध्याकाळी एकच बाटली, घरातल्या दोघा-तिघांत वाटून. कोण काय म्हणालं ते आपल्याच शब्दांत लिहून ठेवा, आणि आकडा सगळ्यात शेवटी.

बहिणीला सांगा, दोन ऑर्वाल दोन वेगळ्या दुकानांतून घ्यायच्या आणि लेबलवरच्या तारखा बघून घ्यायच्या. एक जितकी जुनी मिळेल तितकी, दुसरी जितकी कोवळी मिळेल तितकी.

---

मोगरा, घेंट

ब्रसेल्समध्ये जुनी मिळायला अवघड जाईल. तिला घेंटवरून यायला सांगा, माझ्याकडे मागच्या वर्षी मार्चमध्ये भरलेली एक आहे. ती मी देते.

---

कोकम_सरबत, डब्लिन

@नवखा, ओतायला कुणीतरी न पिणारा शोधा. आणि त्याच्या हाती कागद-पेन द्या.